सुऱ्यापुढें रिकामे हात

सन १८६५ च्या एप्रिल महिन्याच्या १४ व्या तारखेची रात्र अमेरिकेच्या इतिहासांत अब्राहम लिंकन यांच्या वधाची रात्र म्हणून प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टन शहरांतील फोर्ड यांच्या नाटकगृहांत सव्वादहाच्या सुमारास जॉन विल्क्स बूथ या नटानें अध्यक्षांवर गोळी झाडली, आणि त्या एका गोळीच्या आवाजांत त्या रात्रींचे बाकीचे सर्व आवाज बुडून गेले. परंतु त्याच सुमारास, त्याच शहरांत, अध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील चौकालगतच्या एका घरांत दुसरा एक खून घडावयाचा होता, आणि तो घडला नाहीं. खून करावयास आलेला मनुष्य तरुण, धिप्पाड आणि लढाईंत मुरलेला होता. त्याच्याजवळ पिस्तूल होतें व सुरा होता. ज्यास मारावयाचें तो वृद्ध गृहस्थ मोडक्या हाडांनिशीं अंथरुणास खिळलेला होता. मध्यें उभीं राहिलेलीं माणसें निःशस्त्र होतीं. असें असून तो खून कां घडला नाहीं, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें विचारण्याजोगा आहे. आणि सुऱ्यापुढें रिकाम्या हातांनीं काय करतां येतें व काय करतां येत नाहीं, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें तर तो अवश्य विचारावा.

त्या वृद्ध गृहस्थांचें नांव विल्यम हेन्री स्यूअर्ड. ते १८०१ मध्यें जन्मले. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर, नंतर सीनेटचे सभासद आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक म्हणून त्यांचा लौकिक होता. १८६० मध्यें रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी आपणांसच मिळणार, अशी त्यांची अपेक्षा होती. ती लिंकन यांस मिळाली. लिंकन यांनीं निवडून येतांच आपल्या या प्रतिस्पर्ध्यास परराष्ट्रमंत्री नेमिलें, आणि यादवी युद्धाच्या चार वर्षांत प्रतिस्पर्ध्याचा जिवलग मित्र झाला. राजकीय खुनाविषयीं स्यूअर्ड यांचें मत मोठें विलक्षण होतें. १८६२ मध्यें लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें होतें कीं, राजकीय हत्या ही अमेरिकन लोकांची रीत नव्हे, आणि असलें दुष्ट व अघोरी साधन तेथील राजकारणांत रुजणें शक्य नाहीं. हें मत धरणारे ते एकटेच नव्हते. त्या काळीं मंत्र्यांच्या घरीं कोणीही दार ठोठवावें आणि नोकरानें तें उघडावें, अशीच वहिवाट होती.

१८६५ च्या एप्रिलच्या ५ व्या तारखेस स्यूअर्ड फेरफटक्यास निघाले असतां त्यांच्या गाडीचे घोडे उधळले. घोड्यांस आवरण्याच्या हेतूनें त्यांनीं खालीं उडी टाकिली व ते रस्त्यावर आदळले. त्यांचा उजवा हात मोडला, जबडा दोन्ही बाजूंनीं फुटला, आणि कांहीं दिवस ते वातांत बडबडत होते. ९ व्या तारखेस दक्षिणेकडील सेनापति ली यानें शरणागति पत्करिली. त्याच संध्याकाळीं लिंकन रणभूमीकडून परतले ते थेट आपल्या आजारी मंत्र्याच्या घरीं आले, आणि त्यास फार बोलण्याचे श्रम पडूं नयेत म्हणून स्वतः त्याच्या पलंगावर कोपर टेकून आडवे झाले व युद्ध संपत आल्याची हकीकत सांगत बसले. त्या दोघांची ती अखेरची भेट ठरली.

युद्ध संपत आलें तरी द्वेष संपला नव्हता. बूथ व त्याचे साथीदार यांनीं असा बेत केला कीं, एकाच रात्रीं अध्यक्ष लिंकन, उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन व परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड या तिघांस मारून राज्ययंत्र खिळखिळें करावें. लिंकन यांचें काम बूथनें स्वतःकडे घेतलें. जॉन्सन यांच्यावर जो नेमला होता त्या जॉर्ज अॅट्झेरॉटचें धैर्य आयत्या वेळीं खचलें, आणि तो दारू पिऊन शहरांत भटकत राहिला. स्यूअर्ड यांच्यावर नेमलेला लुईस पॉवेल मात्र डगमगणारा नव्हता. त्याचें वय अवघें वीस वर्षांचें. उंची सहा फुटांहून अधिक आणि अंगांत बैलाची ताकद. दक्षिणेच्या सैन्यांत तो लढला होता, गेटिसबर्गच्या रणांत जखमी होऊन कैद झाला होता, व तेथून निसटला होता. त्या रात्रीं त्यास वाट दाखविण्यास डेव्हिड हेरॉल्ड नांवाचा साथीदार बरोबर होता; तो घोडे धरून बाहेर थांबला.

आतां घरांत कोण होतें, तें पाहूं. स्यूअर्ड यांची पत्नी फ्रान्सेस. परराष्ट्रखात्यांत पित्याचा दुय्यम म्हणून काम करणारा मुलगा फ्रेडरिक. लष्करांत मेजर असलेला दुसरा मुलगा ऑगस्टस. वीस वर्षांची मुलगी फॅनी. दारावरचा तरुण कृष्णवर्णी नोकर विल्यम बेल. आणि रुग्णाच्या उशाशीं जॉर्ज रॉबिन्सन. हा रॉबिन्सन मेन राज्यांतील पायदळाचा साधा शिपाई. आदल्या वर्षीं लढाईंत त्याच्या पायास जखम झाली होती, आणि ती भरून येत असतां इस्पितळांतून त्यास मंत्र्यांच्या शुश्रूषेसाठीं पाठविण्यांत आलें होतें. म्हणजे रुग्णाची राखण करणारा स्वतःच अर्धा रुग्ण होता. त्याच्याजवळ शस्त्र नव्हतें. रुग्णाच्या खोलींत शस्त्राचें काय काम, असेंच कोणासही वाटलें असतें.

रात्रीं दहा वाजून गेल्यावर दाराची घंटा वाजली. बेलनें दार उघडलें. दारांत उभ्या असलेल्या उंच मनुष्याच्या हातांत लहानसें पुडकें होतें. डॉक्टर व्हर्डी यांनीं औषध पाठविलें आहे, आणि तें कसें घ्यावयाचें हें रुग्णास समक्षच सांगावयाचें आहे, असें तो म्हणाला. डॉक्टर व्हर्डी हे खरोखरच त्या कुटुंबाचे वैद्य होते. बेलनें औषध आपल्या हातीं मागितलें, वर जाण्यास मनाई असल्याचें सांगितलें. परंतु आलेला मनुष्य आपलाच हेका चालवीत जिना चढूं लागला. बेल त्याच्याबरोबर चालला, आणि रुग्णाची झोप मोडेल म्हणून बूट फार वाजवूं नका, एवढीच विनंति तो करीत राहिला. औषध हा शब्द असा आहे कीं, आजारी माणसाच्या घरांत तो कोणतेंही दार उघडतो. मारेकऱ्यानें पहिला विजय सुऱ्यानें मिळविला नाहीं. तो त्यानें या शब्दानें मिळविला.

जिन्याच्या वरच्या तोंडाशीं फ्रेडरिक भेटला. वडील निजले आहेत, औषध मजपाशीं द्या, असें त्यानें स्वच्छ सांगितलें. दोघांची बराच वेळ हुज्जत चालली. ती ऐकून फॅनीनें खोलीचें दार किंचित् उघडलें, आणि त्यामुळें रुग्ण कोणत्या खोलींत आहे हें पाहुण्यास कळलें. फ्रेडरिक मात्र बधेना. तेव्हां पॉवेलनें परत जाण्याचें सोंग केलें, दोन पायऱ्या उतरला, आणि एकाएकीं वळून त्यानें रिव्हॉल्व्हर रोखलें व चाप ओढिला. बार उडाला नाहीं. दुसऱ्यांदा प्रयत्न करण्याऐवजीं पॉवेलनें त्याच पिस्तुलानें फ्रेडरिकच्या डोक्यावर घाव घातले. घाव इतके जबर होते कीं, कवटी फुटली आणि पिस्तूलही मोडलें. फ्रेडरिकनें जिन्यावर जीं मिनिटें घेतलीं त्यांची किंमत त्यानें अशी दिली. परंतु त्या झटापटींत मारेकऱ्याचें पिस्तूल निकामी झालें, आणि यापुढें त्याच्या हातीं राहिला तो केवळ सुरा. बेल तोंवर “खून, खून” असें ओरडत रस्त्यावर धांवला होता.

बाहेरची गडबड ऐकून रॉबिन्सननें खोलीचें दार उघडलें. उघडतांक्षणीं सुऱ्याचा वार त्याच्या कपाळावर बसला व तो खालीं कोसळला. फॅनीस बाजूला लोटून पॉवेल पलंगाकडे धांवला. खोलींत दिव्याची वात बारीक केली होती. मोडक्या हातास धक्का लागूं नये म्हणून स्यूअर्ड पलंगाच्या अगदीं पलीकडच्या कडेवर, दारापासून दूर, निजत असत. पॉवेलनें त्यांच्यावर ओणवून गळ्याच्या रोखानें वारांवर वार केले. एका वारानें उजवा गाल चिरून लोंबूं लागला. मानेवरही घाव बसले. फॅनी किंकाळ्या फोडीत होती. इतक्यांत कपाळावरून रक्त वाहत असलेला रॉबिन्सन उठला, आणि त्यानें पाठीमागून पॉवेलला मिठी घालून पलंगावरून ओढण्यास सुरुवात केली. पॉवेलनें खांद्यावरून मागें सुरा चालवून त्याच्या खांद्यांत वार केले. रॉबिन्सननें मिठी सोडली नाहीं. या ओढाताणींत स्यूअर्ड पलंग व भिंत यांच्यामधील फटींत खालीं पडले, आणि तेथें सुरा पोहोंचेना.

शेजारच्या खोलींत निजलेला ऑगस्टस बहिणीच्या ओरडण्यानें जागा होऊन रात्रीच्याच वेषांत आंत आला. अंधुक प्रकाशांत त्यास दोन माणसें झुंजत असलेलीं दिसलीं. प्रथम त्यास वाटलें कीं, वडीलच वातांत उठले असून शुश्रूषक त्यांस आवरीत आहे. म्हणून त्यानें हातीं लागलेल्या मनुष्यास धरिलें. अंगाची ताकद पाहतांच आपले वडील ते हे नव्हेत, हें त्यानें ओळखिलें. मग त्यास वाटलें कीं, शुश्रूषकच वेडा झाला. खरा प्रकार त्याच्या ध्यानीं येईपर्यंत त्याच्या डोक्यास व हातास सुरा लागला होता. तिघे झुंजतच दिव्याच्या उजेडांत, जिन्याजवळील मोकळ्या जागेंत आले. तेथें पॉवेलनें स्वतःस हिसडून सोडविलें आणि “मी वेडा आहें” असें ओरडत तो जिन्यानें खालीं पळाला. वाटेंत परराष्ट्रखात्याचा निरोप्या एमेरिक हॅन्सेल सांपडला. त्याच्या पाठींत वार करून तो घोड्यावर बसून निघून गेला. आंतील आरडाओरडा कानीं पडतांच हेरॉल्ड त्याच्या आधींच पळाला होता. मारेकऱ्याची टोपी व मोडकें पिस्तूल घरांतच राहिलें.

खोलींत फॅनी बापास शोधूं लागली. पलंग रिकामा होता; जमिनीवर रक्तानें भिजलेल्या पांघरुणांचा ढीग दिसत होता, आणि त्या ढिगांत तिचे वडील होते. रॉबिन्सननें स्वतःच्या जखमांकडे लक्ष न देतां त्यांची नाडी पाहिली. त्या अवस्थेंतही स्यूअर्ड यांनीं, आपण मेलों नाहीं, डॉक्टरास व पोलिसास बोलवा आणि घर बंद करा, असें त्यास सांगितलें. ज्या हातांनीं त्यानें मारेकऱ्यास धरिलें होतें त्याच हातांनीं तो आतां जखमेवर कापड दाबून धरीत होता, आणि फॅनीस तेंच करण्यास शिकवीत होता. डॉक्टर व्हर्डी आले तेव्हां त्यांस एकाच घरांत पांच जखमी पाहावे लागले: स्यूअर्ड, त्यांचे दोन मुलगे, रॉबिन्सन व हॅन्सेल. यांपैकीं त्या रात्रीं कोणीही मेला नाहीं, आणि पुढेंही त्या जखमांनीं कोणी दगावला नाहीं.

आतां त्याच रात्रींचें दुसरें चित्र पाहावें, म्हणजे पहिल्याचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. फोर्ड यांच्या नाटकगृहांत लिंकन यांच्याबरोबर मेजर हेन्री रॅथबोन हा तरुण अधिकारी आपल्या वाग्दत्त वधूसह बसला होता. तोही निःशस्त्रच होता. गोळीचा आवाज होतांच तो उठून बूथच्या अंगावर गेला. बूथनें सुरा काढून त्याच्या छातीवर उगारला. रॅथबोननें डावा हात आडवा घातला व दंडापासून कोपरापर्यंत खोल जखम घेतली. तरीही बूथ कठड्यावरून उडी घेत असतां त्यानें त्याचा कोट पकडण्याचा प्रयत्न केला. धैर्यांत हा मेजर त्या शिपायाहून तिळभर कमी नव्हता. परंतु बूथची गोळी आधींच आपलें काम करून चुकली होती. वांचविण्यासारखें कांहीं उरल्यानंतर धांवणें आणि कांहींच न उरल्यानंतर धांवणें, यांत धांवणाराचा दोष नसतो; तरीही दुसऱ्या माणसाच्या मनास ती टोंचणी जन्मभर पुरते.

या दोन प्रसंगांची तुलना केली म्हणजे सुऱ्याविषयींची एक गोष्ट ध्यानांत येते. बंदुकीची गोळी एका क्षणांत व दुरून मारते. सुऱ्यास मात्र जवळीक लागते, मोकळा हात लागतो, आणि वेळ लागतो. निःशस्त्र मनुष्याजवळ देण्यासारखें कांहीं नसतें, परंतु या तीन गोष्टी मारेकऱ्यापासून काढून घेणें कधीं कधीं त्यास शक्य असतें. फ्रेडरिकनें जिन्यावर वेळ घेतला. रॉबिन्सननें मिठी घालून हाताची मोकळीक घेतली. पलंगापलीकडील फटीनें जवळीक नाहींशी केली. फॅनीच्या किंकाळ्यांनीं ऑगस्टस जागा झाला, आणि बेलच्या ओरडण्यानें रस्ता जागा झाला. यांपैकीं एकानेंही पॉवेलचा पराभव केला नाहीं. तो आला तसा आपल्या पायांनीं निघून गेला. त्यास हरविणें हें त्या घरांतील माणसांचें काम नव्हतेंच. त्याचें काम अपुरें ठेवणें एवढेंच पुरेसें होतें, आणि तेवढें त्यांनीं केलें.

स्यूअर्ड यांच्या जबड्यास बांधलेल्या धातूच्या पट्टीवर सुरा अडला व त्यामुळें मानेची मोठी नस वांचली, असें पुष्कळदां सांगितलें जातें. ही कथा ऐकावयास गोड आहे. परंतु इतिहासकारांत तिजविषयीं एकमत नाहीं. कित्येकांच्या मतें पलंगावरून खालीं पडणें हेंच त्यांच्या जीवदानाचें मुख्य कारण होय. दैवाचा वांटा कोणत्याही प्रसंगांत असतोच: पिस्तुलाचा बार उडाला असता तर बाकीचें सारें व्यर्थ होतें. परंतु दैवानें दिलेली संधि माणसानें हातीं धरावी लागते. लष्करी न्यायमंडळापुढें रॉबिन्सननें दिलेली साक्ष उपलब्ध आहे. तींत डावपेंच नाहींत, शौर्याच्या गोष्टी नाहींत. मीं त्यास धरिलें, त्यानें मला मारिलें, मीं सोडिलें नाहीं, असाच तिचा एकंदर सूर आहे.

सुऱ्याशीं रिकाम्या हातांनीं झुंजण्याची विद्या युरोपांत फार जुनी आहे. फिओरे दे लिबेरी या इटालियन उस्तादाच्या ग्रंथाची १४०९ सालची प्रत उपलब्ध आहे. तींत कट्यारीचा हात कसा अडवावा, मनगट कसें पिळावें, कोपर कसें मोडावें, याचीं पुष्कळ चित्रें आहेत. निकोलास पेटर या डच कुस्तीगीराचें पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६७४ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झालें. त्यांतही सुरा घेऊन आलेल्या दांडगटास हतबल करण्याचे प्रकार रोमेन दे होघ या चित्रकारानें सुबक रेखाटले आहेत. या ग्रंथांचें मूळ तत्त्व खरें आहे: शस्त्राकडे पाहत राहूं नये, शस्त्र धरणारा हात आवळावा. परंतु चित्रांतील मारेकरी एक वार करून थांबतो, आणि उस्तादास पेंच घालण्यास सवड देतो. पॉवेल थांबला नाहीं; त्याचा हात यंत्रासारखा चालत होता. म्हणूनच आजचे जाणते शिक्षक पेंच शिकविण्याआधीं दुसरेंच सांगतात. पळतां येत असेल तर पळावें, मध्यें दार, टेबल किंवा खुर्ची घालावी, मोठ्यानें ओरडावें, पैसा मागत असेल तर देऊन टाकावा. पळण्यास वाट नसेल, किंवा मागें असें कोणी असेल कीं ज्यास टाकून पळतां येत नाहीं, तरच हात धरावा. आणि धरिला तर सोडूं नये. जखम होणार हें गृहीत धरूनच तो धरावा लागतो.

रॉबिन्सनला पळण्याची वाट होती. दार उघडें होतें, आणि कपाळावर पहिला वार बसल्यानंतर तो जमिनीवर पडून राहिला असता तर त्यास कोणीही नांवें ठेविलीं नसतीं. त्यास अडविलें तें मागें पलंगावर असलेल्या माणसानें. कायद्यानेंही या भावनेस मान दिला आहे. भारतीय दंडविधान १८६० मध्यें मंजूर झालें. त्याच्या ९६ ते १०६ या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तोच ३४ ते ४४ या कलमांत आहे. या हक्कांत मनुष्याच्या स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्या कोणाच्याही शरीराचें रक्षण येतें. मात्र त्यास मर्यादा आहे: रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करतां येत नाहीं, आणि अधिकाऱ्यांची मदत घेण्यास सवड असतां हा हक्क राहत नाहीं. कायदा सूड मान्य करीत नाहीं; आड उभें राहणें मात्र मान्य करतो.

पॉवेल तीन दिवस लपून राहिला. १७ व्या तारखेच्या रात्रीं खांद्यावर कुदळ घेऊन, आपण गटार खणण्यास आलेला मजूर आहों, असें सांगत तो कटवाल्यांच्या ओळखीच्या मेरी सरॅट हिच्या खाणावळींत गेला, आणि नेमके तेव्हांच तेथें झडतीस आलेल्या अंमलदारांच्या हातीं सांपडला. त्यास ओळखिलें तें विल्यम बेलनें. ज्या तरुण नोकरास त्यानें औषधाच्या नांवाखालीं फसविलें होतें, त्याचीच साक्ष त्यास भोंवली. ७ जुलै १८६५ रोजीं पॉवेल, हेरॉल्ड, अॅट्झेरॉट व मेरी सरॅट या चौघांस फांशी देण्यांत आली. बूथ त्यापूर्वींच, २६ एप्रिल रोजीं, व्हर्जिनियांतील एका कोठारांत गोळी लागून मेला होता.

रॉबिन्सनच्या कामगिरीची दखल अमेरिकेच्या काँग्रेसनें १८७१ मध्यें घेतली. त्यास सुवर्णपदक व ५,००० डॉलर देण्याचा ठराव झाला. पदकाच्या एका बाजूस त्याचें मुखचित्र व दुसऱ्या बाजूस त्या रात्रींच्या झुंजीचा देखावा कोरलेला आहे. पुढें तो लष्करांत पगारखात्याचा अधिकारी झाला व १९०७ मध्यें वारला. फ्रेडरिक अनेक दिवस बेशुद्ध होता. परंतु तो बरा झाला, पुन्हा परराष्ट्रखात्यांत आपल्या जागीं आला, आणि १९१५ पर्यंत जगला.

स्यूअर्ड महिन्याभरांत उठून बसूं लागले, आणि १८६९ पर्यंत त्यांनीं आपलें मंत्रिपद सांभाळलें. ३० मार्च १८६७ रोजीं त्यांनीं ७२ लाख डॉलर देऊन रशियापासून अलास्का विकत घेण्याच्या करारावर सही केली. तेव्हां लोक त्यास हसले. आज तें अमेरिकेचें सर्वांत विस्तीर्ण राज्य आहे. अधिकारावरून उतरल्यावर १८७०-७१ मध्यें त्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली व त्या प्रवासांत ते हिंदुस्थानांतही येऊन गेले. उजव्या गालावरील व्रण अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर होता. १० ऑक्टोबर १८७२ रोजीं, आपल्या घरीं, आपल्या माणसांत, त्यांस शांत मरण आलें. त्या रात्रीनंतरचीं साडेसात वर्षें त्यांस मिळालीं तीं रिकाम्या हातांनीं उभ्या राहिलेल्या माणसांमुळें.

परंतु या कथेचा जमाखर्च येथें संपत नाहीं. स्यूअर्ड यांची पत्नी फ्रान्सेस त्या रात्रींच्या धक्क्यांतून सावरली नाहीं. दोन जखमी मुलगे व जखमी पति यांची शुश्रूषा करतां करतां ती त्याच वर्षीं २१ जून रोजीं वारली. फॅनीनें त्या रात्रींची हकीकत आपल्या रोजनिशींत लिहून ठेविली, म्हणून ती आज वाचावयास मिळते. दीड वर्षानें, १८६६ च्या ऑक्टोबरांत, तीही क्षयानें गेली. तेव्हां ती बावीस वर्षांचीही नव्हती. तिकडे हेन्री रॅथबोनच्या हाताची जखम भरली, पण मनाची भरली नाहीं. त्यानें आपल्या वाग्दत्त वधूशीं विवाह केला, त्यांस मुलें झालीं. आणि १८८३ मध्यें जर्मनींतील हॅनोव्हर येथें वेडाच्या भरांत त्यानें तिचाच खून केला व स्वतःवर सुरा चालविला. उरलेलीं सर्व वर्षें वेड्यांच्या इस्पितळांत काढून तो १९११ मध्यें मेला.

सुऱ्याचा घाव ज्यास बसतो त्याच्यापुरताच तो राहत नाहीं; बाजूला उभ्या असलेल्यांसही तो लागतो, आणि त्यांच्या जखमा कोणत्याही डॉक्टरास दिसत नाहींत. आत्मसंरक्षणाचें शिक्षण देणारांनीं ही गोष्ट विसरूं नये. हल्ला होऊन गेल्यानंतर घरांतील बायकामाणसांकडे, मुलांकडे आणि वांचविण्यास धांवून आलेल्याकडे पाहणें, हाही संरक्षणाचाच भाग होय. स्यूअर्ड यांच्या घरांत त्या रात्रीं पांच जखमी मोजण्यांत आले. फ्रान्सेस व फॅनी यांस कोणी मोजलें नाहीं.